एका स्वल्पविरामाचे स्वातंत्र्य

छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून पाने लावली जात, त्या काळी ओळ कोठे मोडावी, दोन शब्दांत किती फट ठेवावी, परिच्छेदाचा समास किती सोडावा हे लेखकाच्या हाती नसे. ते काम जुळाऱ्याचे. लेखकाने हस्तलिखित द्यावे, जुळाऱ्याने आपल्या छापखान्याच्या पद्धतीप्रमाणे ते बसवावे आणि मुद्रिते हाती आल्यावर लेखकाने फार तर काना-मात्रा दुरुस्त करावी, अशी कामाची वाटणी होती. संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांमध्ये ही वाटणी कित्येक वर्षे झालीच नाही. तेथे लेखक हाच जुळारी होता. आज्ञावलीच्या अर्थाइतकीच तिच्या ओळींची ठेवणही त्याची स्वतःची असे, आणि म्हणूनच ती त्याच्या अभिमानाची गोष्ट असे.

जुळाऱ्याचे हे काम यंत्राकडे कसे गेले आणि त्या यंत्राला किती सूचना द्यायच्या यावरून काय काय घडले, याचा इतिहास पायथन या स्क्रिप्टिंग भाषेपुरता येथे मांडण्याचा आमचा विचार आहे. 'फॉरमॅटरचे कॉन्फिगरेशन' हे विषयाचे नाव ऐकूनच काही वाचक पाठ फिरवतील, याची आम्हांला कल्पना आहे. तरीही लिहिण्यात माझे किती आणि सर्वांचे किती, हा जुना प्रश्न या दहा-पाच ओळींच्या सेटिंगमध्ये दडलेला आहे, असे आम्हांस वाटते.

आमचा या विषयाशी संबंध आला तो भांडणातून. काही वर्षांपूर्वी आम्ही पाच जण पायथनमध्ये लिहिलेल्या एका लहानशा बिलिंग प्रणालीवर काम करीत होतो. एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने तपासल्याखेरीज पुढे जाऊ द्यायचा नाही, असा आमचा नियम होता. एका दुपारी एका बदलावर सतरा शेरे आले. अवतरणचिन्हे एकेरी का, दुहेरी का नाहीत. लांब ओळ कंसानंतर मोडावी की स्वल्पविरामानंतर. दोन फंक्शनांच्या मध्ये एक ओळ कोरी सोडावी की दोन. सतराही शेऱ्यांना उत्तरे दिली गेली, दुरुस्त्या झाल्या, बदल मान्य झाला. त्या बदलात एका अटीमध्ये 'पेक्षा कमी' याच्या जागी 'पेक्षा कमी किंवा तितकेच' असे हवे होते. ते मात्र कोणाच्याच दृष्टीस पडले नाही. मुदतीच्या अगदी शेवटच्या दिवशी पैसे भरणाऱ्या ग्राहकांना विलंब शुल्क लागले आणि त्यांची पत्रे आली, तेव्हा ते कळले. सतरा शेरे लिहिणारी दृष्टी अधू नव्हती. ती दुसरीकडे गुंतली होती.

मांडणीसाठी यंत्र वापरण्याची कल्पना जुनी आहे. पीएल-वन या भाषेतील आज्ञावलींची मांडणी सुधारून देणाऱ्या 'नीटर-२' या साधनावरील लेख १९७० सालीच प्रसिद्ध झाला होता. सी भाषेसाठीचे 'इंडेंट' हे साधन १९८३च्या ४.२ बीएसडी प्रणालीबरोबर सर्वत्र पोचले. या पिढीच्या साधनांची धारणा अशी होती की, मांडणीची आवड ज्याची त्याची वेगळी. यंत्राने ती ओळखून तिची सेवा करावी. म्हणून 'इंडेंट'ला डझनावारी अक्षरी पर्याय होते. महिरपी कंस त्याच ओळीवर हवा की पुढल्या, टिप्पणी कितव्या स्तंभात बसवावी, अशा प्रत्येक लहरीसाठी एकेक कळ. पर्ल या स्क्रिप्टिंग भाषेसाठी स्टीव्ह हॅनकॉक यांनी २००१च्या सुमारास पुढे आणलेल्या 'पर्लटायडी'ने तर या औदार्याची परिसीमा गाठली. त्याच्या पर्यायांची यादी वाचणे हाच एक अभ्यास होता. डेमियन कॉनवे यांचे पर्ललेखनाच्या उत्तम रीतींवरील पुस्तक २००५ साली आले, तेव्हा त्यातील शिफारशींनुसार पर्लटायडी कसा जुळवावा हे सांगावे लागले आणि पुढे त्या साऱ्या जुळवणीसाठी एकच संक्षिप्त पर्याय साधनातच आला. स्वातंत्र्य इतके होते की, ते वापरण्यासाठी लोकांना एक गुरू करावा लागला.

पायथनची गोष्ट मुळातच निराळी. सी किंवा पर्लमध्ये महिरपी कंस असतात. सगळा मजकूर एका ओळीत कोंबला तरी कंसांवरून यंत्राला रचना पुन्हा उभी करता येते. पायथनमध्ये डावीकडे सोडलेली जागा हेच व्याकरण आहे. ॲमस्टरडॅम येथील सीडब्ल्यूआय या संस्थेत ज्या एबीसी भाषेवर खीडो व्हान रॉस्सम यांनी उमेदवारी केली, तिच्यातून त्यांनी ही रीत उचलली आणि १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या पायथनमध्ये ती कायम ठेवली. ओळीच्या शेवटी येणारा अपूर्णविरामही तेथलाच. त्याची कथा व्हान रॉस्सम यांनीच पुढे सांगितली आहे. १९७८ साली पोलंडमधील याब्लोना येथे एबीसीच्या पूर्वरूपाविषयी खल चालू असता, रॉबर्ट ड्युअर यांच्या पत्नी कॅरिन यांना काही नमुने दाखवण्यात आले. नुसत्या समासावरून पुढचा मजकूर आधीच्या ओळीच्या अधीन आहे हे पुरेसे उमगत नाही, असे त्यांच्या प्रतिक्रियेतून दिसले, आणि तेथे अपूर्णविराम आला. म्हणजे हे चिन्ह आले ते वाचणाऱ्या माणसाच्या सोयीसाठी. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढच्या साऱ्या वादाचे मूळ त्यातच आहे.

पायथनमध्ये समास बिघडला तर अर्थ बिघडतो आणि तो कोणत्याही यंत्राला परत आणता येत नाही. त्यामुळे तेथील फॉरमॅटरचे राज्य लहान राहिले: कंसांच्या आतले ओळभंग, अवतरणचिन्हे, कोऱ्या ओळी, चिन्हांभोवतीच्या मोकळ्या जागा. टिम पीटर्स यांनी ऑक्टोबर २००० मध्ये सार्वजनिक केलेली 'रीइंडेंट' ही छोटी आज्ञावली पायथनबरोबरच मिळत असे. ती समास चार-चार जागांचा करी आणि ओळींच्या शेवटी रेंगाळलेल्या रिकाम्या जागा पुसून टाकी. तिच्यात आवडीनिवडीला जवळजवळ वावच नव्हता, हे आज मागे वळून पाहताना सूचक वाटते.

जुलै २००१ मध्ये व्हान रॉस्सम आणि बॅरी वॉर्सॉ यांनी 'पेप-८' हा दस्तऐवज सिद्ध केला. समास चार जागांचा, ओळ एकोणऐंशी अक्षरांची, इत्यादी संकेत त्यात आहेत. ऐंशी स्तंभांची परंपरा तर १९२८च्या आयबीएमच्या छिद्रांकित कार्डापर्यंत मागे जाते. कागदी कार्ड इतिहासजमा झाले, पण त्याची रुंदी पडद्यावर राहिली. पेप-८चे खरे वैशिष्ट्य मात्र त्याच्या आरंभीच आहे. अविचारी सुसंगतीविरुद्ध सावध करणारे एक मथळावाक्य इमर्सन यांच्या १८४१ सालच्या निबंधातून घेऊन, नियम केव्हा मोडावा हेच तेथे आधी सांगितले आहे. नियम पाळल्याने वाचनीयता घटत असेल तर तो सोडावा, आजूबाजूचा जुना कोड वेगळ्या रीतीने लिहिलेला असेल तर त्याच्याशी जुळवून घ्यावे, असा तो शहाण्या माणसाचा सल्ला होता. त्याची भिस्त लिहिणाऱ्याच्या विवेकावर होती.

सल्ल्याचा कायदा व्हायला पाच वर्षे लागली. २००६ साली योहान रोखोल यांनी 'पेप-८' याच नावाचे एक तपासनीस साधन लिहिले. ते कोड वाची आणि प्रत्येक उल्लंघनाला क्रमांक देऊन यादी करी. यादी करणारे यंत्र विवेक जाणत नाही. 'केव्हा मोडावा' हा परिच्छेद त्याला वाचता येत नव्हता. ओळ लांब असल्याचा ई-५०१ हा दोष घराघरांत ठाऊक झाला आणि तो टाळण्यासाठी माणसे नावे तोडू लागली, वाक्ये वेडीवाकडी मोडू लागली. मग प्रत्येक प्रकल्पाच्या सेटिंग-फाइलीत 'या क्रमांकांकडे दुर्लक्ष करावे' अशी एक ओळ आली. ती ओळ वाचली की त्या चमूतले कोण कोणाशी भांडले असेल, याचा अदमास येई. अखेर खुद्द व्हान रॉस्सम यांनी साधनाचे नाव बदलण्याची विनंती केली. दोहोंचे नाव एकच असल्याने साधनाचा निर्णय म्हणजेच दस्तऐवजाचा निर्णय असे लोक मानू लागले होते. २०१६ साली त्याचे 'पायकोडस्टाइल' असे नामांतर झाले. त्याच वर्षी पेप-८ने एका प्रश्नावर मतही बदलले. लांब गणिती ओळ मोडताना क्रियाचिन्ह आधीच्या ओळीच्या शेवटी ठेवण्याऐवजी पुढील ओळीच्या आरंभी ठेवावे, अशी नवी शिफारस आली. तपासनिसाकडे आज या दोन्ही बाजूंचे दोष आहेत, डब्ल्यू-५०३ आणि डब्ल्यू-५०४. दोन्ही चालू केले, तर क्रियाचिन्हापाशी मोडलेली कोणतीही ओळ निर्दोष ठरू शकत नाही! म्हणून मूळ सेटिंगमध्ये दोन्ही बंद ठेवलेले असतात.

दोष दाखवणारे यंत्र आले की दोष दुरुस्त करणारे यंत्र ओघानेच येते. हिदेओ हात्तोरी यांचे 'ऑटोपेप-८' २०१०च्या सुमारास आले. त्याचा स्वभाव भिडस्त. तपासनिसाने बोट ठेवले असेल तेवढेच ते सुधारते, बाकीच्या मजकुराला हात लावत नाही. त्यामुळे एकाच अर्थाचे दोन तुकडे दोन माणसांनी दोन तऱ्हांनी लिहिले आणि दोन्ही नियमांत बसले, तर ते तसेच राहतात. भांडणाला जागा उरते.

२०१५ साली गूगलमधून 'यॅप्फ' आला आणि त्याने प्रश्नच वेगळ्या रीतीने मांडला. दोष असो वा नसो, लेखकाचे सारे ओळभंग बाजूला ठेवायचे आणि सर्वोत्तम मांडणी नव्याने शोधायची, ही सी++साठीच्या 'क्लँग-फॉरमॅट'ची पद्धत त्याने घेतली. प्रत्येक संभाव्य ओळभंगाला एक दंड असतो. एकूण दंड कमीत कमी होईल अशी वाट यंत्र शोधते, जसा प्रवासी नकाशावर सर्वांत जवळचा रस्ता शोधतो. कल्पना देखणी होती. पण हे दंड किती असावेत, हे वापरणाऱ्याला ठरवता येत असे. कंस उघडताच ओळ मोडण्याचा दंड किती, तार्किक क्रियाचिन्हापूर्वी मोडावे की नंतर, शब्दकोशाची प्रत्येक नोंद स्वतंत्र ओळीवर असावी काय? पेप-८, गूगल, फेसबुक अशा तयार शैलींपैकी एक पाया म्हणून घ्यायची आणि तिच्यावर आपले बदल चढवायचे. भांडण मिटवण्यासाठी आणलेल्या या यंत्राने भांडणाला आकडे पुरवले. आम्हीही हा प्रयोग केला होता. आमच्या शैली-फाइलीत तेवीस ओळी झाल्या आणि त्यांतल्या प्रत्येक ओळीवर एक बैठक झाली. पूर्वी आम्ही कोडवर भांडत होतो, आता दंडाच्या आकड्यांवर भांडू लागलो.

मार्च २०१८ मध्ये लुकाश लांगा यांनी 'ब्लॅक' प्रसिद्ध केला. त्याआधी २००९ साली जाहीर झालेल्या गो भाषेबरोबर 'गोफ्म्ट' हे साधन आले होते. त्यात शैलीसाठी जवळजवळ काहीच पर्याय नव्हते, आणि ती शैली कोणाचीच लाडकी नसूनही सर्वांनी ती स्वीकारली होती. २०१७ साली जावास्क्रिप्टमध्ये 'प्रेटिअर'ने तीच दिशा धरली. ब्लॅकने ती पायथनमध्ये आणली. त्याचे नावच फोर्डच्या मॉडेल-टी मोटारीच्या रंगाविषयीच्या प्रसिद्ध उक्तीवरून घेतले आहे. निवड हवी तेवढी, फक्त काळ्या रंगातली! ओळीची रुंदी त्याने अठ्ठ्याऐंशी ठरवली, म्हणजे ऐंशीवर एक दशांश अधिक. अवतरणचिन्हे सरसकट दुहेरी. मांडणी बदलल्यावर आधीच्या आणि नंतरच्या कोडचा व्याकरणवृक्ष समतुल्य आहे की नाही, हे तो स्वतःच पडताळून पाहतो; मांडणी बदलताना अर्थाला धक्का लागणार नाही, याची ही हमी. यॅप्फच्या दंडसंहितेपुढे त्याची सेटिंग-फाइल म्हणजे चिठ्ठी. रुंदी, पायथनची आवृत्ती, वगळायच्या फाइली आणि आणखी दोन-चार गोष्टी.

या सक्तीविरुद्ध ओरड झाली, हे सांगणे न लगे. सर्वांत मोठी ओरड अवतरणचिन्हांवरून झाली. दुहेरी चिन्हे का, याची जी कारणे ब्लॅकने दिली त्यांत एक असे की, इंग्रजी मजकुरात लोपचिन्ह वारंवार येते आणि एकेरी चिन्हांत ते अडचणीचे ठरते. देवनागरीत मजकूर लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांना हे कारण मुळीच लागू पडत नाही, तरी नियम लागू पडतो. अवतरणचिन्हांना हात लावू नये असे सांगणारा पर्याय त्याच वर्षी द्यावा लागला. तडजोड न करणाऱ्या यंत्राची ही पहिली तडजोड.

दुसरी तडजोड अधिक अर्थपूर्ण आहे. यादीतील घटक एका ओळीत मावत असतील, तर आरंभी ब्लॅक ते एका ओळीत आणी, मग लेखकाने ते कितीही विचाराने एकाखाली एक लिहिलेले असोत. ऑगस्ट २०२०च्या आवृत्तीत यात बदल झाला. शेवटच्या घटकानंतर लेखकाने स्वल्पविराम दिला असेल, तर ती यादी एकाखाली एक अशीच राहील. व्याकरणाच्या दृष्टीने हा स्वल्पविराम अनावश्यक, असून-नसून सारखाच. पण 'ही यादी उभी वाचावी, अशी माझी इच्छा आहे' हे यंत्राला सांगण्याची तीच एक वाट उरली. इंग्रजीत त्याला जादूचा स्वल्पविराम म्हणतात. आम्हांला तो जादूचा वाटत नाही. याब्लोनातला अपूर्णविराम जसा वाचकासाठी आला, तसाच हाही वाचकासाठी, लिहिणाऱ्याच्या हाती राहिलेला आहे. सेटिंग-फाइल सगळ्यांची मिळून एक असते. हा स्वल्पविराम मात्र ज्याचा त्याने, ज्या त्या ठिकाणी द्यायचा असतो.

जानेवारी २०२२ मध्ये ब्लॅकची पहिली स्थिर आवृत्ती आली आणि एका कॅलेंडर वर्षात शैली बदलणार नाही, असे वचन त्याबरोबर मिळाले. जँगो या मोठ्या प्रकल्पाने ब्लॅक स्वीकारण्याचा निर्णय २०१९ मध्येच घेऊन ठेवला होता. तो या स्थिर आवृत्तीपर्यंत थांबला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये एका फटक्यात सारा कोड नव्या मांडणीत आणला. अशा फटक्याचा एक दुष्परिणाम असतो. कोणती ओळ कोणी, केव्हा व कशासाठी लिहिली याची नोंद गिट ठेवत असते. मांडणी बदलली की हजारो ओळींच्या नोंदीवर मांडणी बदलणाऱ्याचेच नाव येते, आणि खरा इतिहास एक थर खाली जातो. ऑगस्ट २०१९ मध्ये आलेल्या गिटच्या २.२३ आवृत्तीत, अमुक बदल वगळून इतिहास दाखव, असे सांगण्याची सोय झाली. वगळायच्या बदलांची यादी एका फाइलीत ठेवायची असते. मांडणीयंत्र स्वीकारणाऱ्याने ही एक जास्तीची फाइल ठेवलीच पाहिजे, असे आम्ही आग्रहाने सांगू.

यानंतरची हकीकत थोडक्यात. चार्ली मार्श यांनी २०२२ साली सुरू केलेल्या 'रफ' या रस्ट भाषेत लिहिलेल्या साधनात ऑक्टोबर २०२३ पासून फॉरमॅटरही आहे. त्याने ब्लॅकची शैली जवळजवळ जशीच्या तशी उचलली आणि वेग कितीतरी वाढवला. पण अवतरणचिन्हे एकेरी, दुहेरी की आहेत तशी, समास टॅबचा की मोकळ्या जागांचा, असे मोजके पर्याय त्याने परत दिले. लंबक थोडा मागे आला. तरी यॅप्फच्या दंडसंहितेपर्यंत तो परत गेलेला नाही.

या इतिहासावरून सेटिंग जितके कमी तितके चांगले, असा सरळ निष्कर्ष काढता येईल, आणि तो बव्हंशी खराही आहे. परंतु त्याची दुसरी बाजू आम्ही पाहिली आहे. १९६२ साली साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले, तेव्हापासून मराठी माणूस ऱ्हस्व-दीर्घावर भांडत आला आहे. तेथेही एका पक्षाला समान नियम हवा असतो आणि दुसऱ्याला आपल्या उच्चाराची, आपल्या हाताची खूण राखायची असते. दोघेही वाचकाच्याच नावाने बोलतात.

विलंब शुल्काच्या त्या प्रकरणानंतर, २०२२च्या पावसाळ्यात, आम्ही तेवीस ओळींची शैली-फाइल काढून टाकली आणि ब्लॅक घेतला. नव्या सेटिंगमध्ये पायथनची आवृत्ती आणि वगळायचे एक फोल्डर, एवढेच होते. रुंदीला हात लावला नाही, कारण त्या आकड्यावर पुन्हा बैठक नको होती. ब्लॅकची आवृत्ती मात्र नेमकी नोंदवून ठेवली, म्हणजे दोन संगणकांवर दोन मांडण्या होणार नाहीत. मांडणीचा बदल स्वतंत्र ठेवला आणि त्याची नोंद वगळायच्या यादीत केली.

त्या दिवशी आमच्यातील सर्वांत ज्येष्ठ सहकाऱ्याने लिहिलेला दरांचा एक तक्ता मोडला. त्यांनी दशांशचिन्हे एकाखाली एक येतील अशा बेताने मोकळ्या जागा सोडून तो बसवला होता. बारा ओळी, सहा स्तंभ. चुकीचा दर त्यात काजळासारखा उठून दिसे. ब्लॅकने त्या मोकळ्या जागा काढून टाकल्या. त्यांनी तक्रार केली नाही. 'आता तपासायचा कसा?' एवढेच विचारले.

प्रश्न अवतरणचिन्हांच्या भांडणासारखा नव्हता. त्या तक्त्याची मांडणी चुका दिसाव्यात म्हणून होती, आणि आम्ही यंत्र आणले होते तेही चुका दिसाव्यात म्हणूनच. तक्ता पूर्ववत केला आणि त्याच्या वर-खाली फॉरमॅटर बंद व चालू करणाऱ्या दोन टिप्पण्या घातल्या. अशी कुंपणे वाढत गेली तर यंत्राचा उपयोग काय, ही शंका रास्त आहे. म्हणून कुंपण घालणाऱ्याने त्याचे कारण शेजारी एका ओळीत लिहावे, असे ठरवले. चाळीस हजार ओळींच्या त्या प्रणालीत अशी कुंपणे आज तीन आहेत. कोड तपासताना मांडणीवर शेरा येत नाही. शेरे एकूणच कमी झाले आहेत, आणि जे येतात ते बहुधा अटींवर असतात.